छावणीतल्या बंगल्याचे दगड

३ जानेवारी १९५७, जालना
छावणीतला गोऱ्या कप्तानाचा बंगला अखेर आमच्या मुलींच्या शाळेला मिळाला. उंच छत, रंगीत काचा, चौफेर व्हरांडा. समितीचे अध्यक्ष वकीलसाहेब म्हणाले, बाई, उद्घाटनाला वाचायला बंगल्याचा इतिहास लिहा. दोन पानं बास. खूष आहे.

९ जाने.
मागच्या पायऱ्या धुताना शिपाईण कौसाबाईनं हाक मारली. एका पायरीच्या कडेला कोरलेलं कमळ, तेही उलटं बसवलेलं. साहेबाच्या घरात हे कुठून? कौसा म्हणाली, माझ्या माहेरच्या वाडीतून आलेत हे दगड. भिवाजीबाबांना विचारा.

१३ जाने.
बदनापूरच्या अलीकडे धनगरांची वाडी. टांगा, पुढे पायी. भिवाजीबाबा पंच्याहत्तरीचे. कमळाच्या पायरीचं विचारलं. मग उठून बारव दाखवायला नेलं. कसली बारव! नुसता ढासळलेला खड्डा, तळाला हिरवं पाणी. खाली उतरायच्या पायऱ्या कप्तानानं बंगल्यासाठी उखडून नेल्या. वाडीच्याच माणसांना बिगारीवर धरून, वाडीच्याच गाड्यांतून.
"पायऱ्या गेल्या, मंग बाया काठावरून दोर टाकायल्या. दुसऱ्याच उन्हाळ्यात माझी माय आत गेली. साहेबाला आधी सांगितलं व्हतं. बाया पडतील म्हून."
बाया अजून तसंच पाणी काढतात. एक पोटुशी होती. बघवेना.

१९ जाने.
वकीलसाहेबांनी बारवेचा मजकूर सगळा खोडला. शुभ दिवशी मयताचं कशाला म्हणे. साहेब गेला, राज्य गेलं, जाब कुणाला विचारणार? मी म्हटलं, जाब नको, पायऱ्या बांधून द्या. त्यावर: "बाई, तुम्हाला शाळा पाहिजे का भांडण?"
कारागिरीचं कौतुक तेवढं लिहायचं म्हणे. कारागिरी कुणाची, ते...

२६ जाने.
झेंडावंदन, मग उद्घाटन. तहसीलदार आले होते. भिवाजीबाबांना मी बोलावलं होतं; खुर्ची कुणी दिली नाही, खांबाला टेकून उभे. खोडलेलं सगळं मी वाचलं. तहसीलदारांनी बाबांना पुढं बोलावून विचारलं, काय पाहिजे?
"दगड राहू द्या इथंच. पोरी शिकायल्यात. आमाला पायऱ्या द्या."
हात जोडून बोलले. त्याचाच संताप येतो. ज्यांचं नेलं त्यांनीच हात जोडायचे, आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या. बघतो, म्हणाले तहसीलदार.

८ फेब्रु.
वाडीकडे अजून सरकारी माणूस फिरकला नाही. मला मात्र समितीचा कागद बराबर आला: शिस्तभंग, आठ दिवसांत खुलासा. एका ओळीत लिहिला, वाचलं ते खरं आहे. मग कौसाबरोबर वाडीला गेले, तहसीलदारांच्या नावानं अर्ज लिहिला. सगळ्यात आधी बायांनी अंगठे केले. भिवाजीबाबा म्हणाले, तुमची नोकरी जाईल, बाई. जाईल कदाचित. दोन्ही कागद आज ज्यांच्या त्यांच्या कचेरीत दिले. पोच फक्त अर्जाची मिळाली.