उशिराचा शेरा

नौपाडा, ठाणे
१८ जानेवारी २०२५

चि. उर्वीस,
अनेक आशीर्वाद.

डोंबिवलीच्या आपल्या रुग्णालयात माझी ये-जा चालू आहे, गुडघा कुरकुरतो. कोलशेतच्या कंपनीच्या दवाखान्यात तू रुळलीस असं कळलं. आपल्या वॉर्डातल्या आया केशरबाई नव्या डॉक्टरांना अजून तुझं नाव सांगून धाक घालतात.

दिवाळीआधी कोण डॉक्टर किती चालतं, हे मोजायला पंधरा दिवस तुमच्या मनगटांवर पट्टे बांधले होते, आठवतं? काल आकडे आले. सलिल दिवसाला सहा हजार पावलं. तू सतरा हजार. एकच वॉर्ड, एकच हुद्दा! मी ताडकन म्हणाले, "पट्टा बिघडला असेल."

सिस्टर प्रमोदिनी तिथेच होत्या. "मॅडम, सलाइन निघालं की तिला बोलवा, नातेवाईक रडले की तिला बोलवा. सलिल सरांना कोण उठवणार?" मी म्हटलं, ही तुम्हा सिस्टर लोकांची चूक. त्यांनी कॉलबुक, डॉक्टरांच्या बोलावण्यांची ती नोंदवही, आणून पुढ्यात ठेवलं.

त्या पंधरा दिवसांत तुला चौसष्ट बोलावणी गेली होती. त्यातली एकोणचाळीस माझ्या अक्षरात. उर्वी, मी हादरले गं. एके ठिकाणी लिहिलंय, 'उर्वीला पाठवा, सलिलला परीक्षा आहे.' अगं, तीच परीक्षा तुलाही होती ना!

मला शिकताना असंच पळवलं, तेव्हा मी दातओठ खाल्ले होते. आणि बाई असून मीच हे केलं.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. कायम नेमणुकीच्या कागदावर 'राउंडला नेहमी उशिरा येते' हा शेरा माझा होता. त्यावरूनच जागा सलिलला गेली नि तू राजीनामा दिलास. तू कुठून धापा टाकत येतेस, हे मी एकदाही विचारलं नाही. मीच कुठेतरी पाठवलेलं असायचं.

तो शेरा चुकीचा होता, असं आज संचालकांना सही करून लिहून दिलं. ते म्हणाले, "आता काय उपयोग, मॅडम?" जागा परत मिळेल असं खोटं सांगत नाही. प्रत सोबत ठेवली आहे, पुढे कुठे अडलं तर दाखव. मला माफ करायची घाई मात्र करू नकोस.

तुझ्यापेक्षा कितीतरी उशिरा पोचलेली,
मंदाकिनी