फाटक्या बॉक्सचा अल्बम

३ डिसेंबर २०२४, सकाळ
नात हर्षा नागपूरहून बँड घेऊन अड्याळला आली. बँडचं नाव ‘तेहतीस गेट’, गोसीखुर्द धरणाच्या गेटांवरून. पहिला अल्बम आपल्याच गोदामात रेकॉर्ड होणार. नाव ‘बुडीत’. आपलं जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, त्यावर सगळी गाणी. म्हणजे घरचंच कार्य. साहजिकच साऊंड माझा. ‘सुखराम साऊंड सर्व्हिस’नं जन्मभर झाडीपट्टीतल्या नाटकांना माईक पुरवले. पत्रकावर पडदेवाल्याचं नाव यायचं, माझं कधी नाही. आता अल्बमवर येईल. साऊंड : सुखराम. हर्षाला अजून बोललो नाही. तिला ते समजतंच.

४ डिसेंबर
ऐकलं. हार्ड रॉक. त्यात मेटल, त्यात ग्रंज. हर्षानं समजावलं, आबाजी, आवाज मळका पाहिजे, जड पाहिजे, घशात काटा रुतल्यासारखा. पोरगी हुशार, पण लहान आहे. मळ काढायला मी बसलोच आहे. दोन सूचना केल्या. ड्रमवाला गोलू म्हणाला, तुमी आराम करा ना जी. संस्कारी पोरगा. माझ्या तब्येतीची काळजी करतो.

६ डिसेंबर, दुपार
खरखरीचं मूळ सापडलं. पोरांनी गिटार माझ्या सगळ्यात जुन्या स्पीकरच्या बॉक्सला जोडली आहे. त्याच्या आतला कागदी पडदा फाटलेला. जुन्या गावातल्या शेवटच्या नाटकात फाटला, तेव्हापासून कोपऱ्यात पडून होता. नवे बॉक्स रांगेत उभे, त्यांच्यावर पोरांचे टॉवेल वाळत आहेत. महागाचे म्हणून संकोच करत असतील बिचारे. ठरलं. पडदा बदलायचा. आधी सांगायचं नाही, उगाच नको नको म्हणतील.

७ डिसेंबर
पोरं बाजारात गेली तेवढ्यात काम उरकलं. नवा पडदा, नवी जोडणी. आवाज दुधासारखा. जुना पडदा चुलीत घातला, पाणी तापलं. बायको रुखमा दारात उभी. म्हणाली, त्या पोरीले इचारलं का? म्हटलं, डॉक्टर पेशंटला विचारतो का? म्हणाली, इचारते जी, चांगला असंल तं. टेक्निकल गोष्टीत मी घरात वाद घालत नाही.

८ डिसेंबर
हर्षानं गिटार छेडली आणि थांबली. पुन्हा छेडली, पुन्हा थांबली. गोलू म्हणाला, बाप्पा, हे तं सत्यनारायणाच्या पूजेत वाजते तसं वाजून राहिलं. एवढी स्तुती अपेक्षित नव्हती. हर्षानं विचारलं, काहून केलं आबाजी? म्हटलं, तुझ्यासाठीच तं केलं. ती धानाच्या पोत्यावर जाऊन बसली. म्हणाली, त्या बॉक्ससाठीच मी नागपूरचा स्टुडिओ सोडून आली होती. तो आपल्या गावात फाटला होता. गावाचा आवाज म्हणून तेवढाच उरला होता आपल्यापाशी.
हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कोणाच्याच आलं नसतं. जेवण गेलं नाही, पण ते वांग्यात तिखट जास्त होतं म्हणून.

९ डिसेंबर
खचणाऱ्यांतला मी नाही. ज्यानं जोडलं तो फाडूही शकतो. पट्टी लावून, खूण करून, नवं ब्लेड घेऊन पडद्याला चीर दिली. आवाज सर्दी झालेल्या गुरुजींसारखा आला. चीर वाढवली. थोडी जास्त वाटली म्हणून अर्धी परत चिकटवली. फाडण्यातही माझ्या हाताला सफाई येते, त्याला मी काय करू. गोलू डोकं धरून बसला होता. उन्हात फिरतो, टोपी घालत नाही.

१० डिसेंबर
हर्षा जवळ येऊन बसली. गोड आवाजात म्हणाली, आबाजी, आसगावला गुड्डीआत्याकडे चार दिवस जाऊन या ना. लक्षात आलं. लांब राहिलं की कान ताजा होतो. मोठे साऊंडवाले असंच करत असणार. हो म्हणेपर्यंत गोलूनं गाडी सुरूही केली होती.

१२ डिसेंबर, आसगाव
गुड्डीचा टीव्ही खरखर करत होता. उघडून दुरुस्त केला. आता आवाजच येत नाही, पण खरखर गेली. पोरगी बापावर नाराज आहे, मालिका चुकली. हर्षाला सूचना द्यायला फोन लावतो आहे. बंद येतो. एकाग्रता म्हणतात ती हीच.

२६ जानेवारी २०२५, संध्याकाळ
अल्बम निघाला. गोलू गाडी काढून मुद्दाम छापील कव्हर द्यायला आला. आधी कानाला फोन लावून सगळी गाणी ऐकली. तोच आवाज. घोगरा, फाटका, जुन्या गावच्या मांडवातला. माझा चष्मा मधेच पुसावा लागला, धूळ फार असते या दिवसांत. हर्षाला फोन करून विचारलं, हे जमवलं कोणी? हसायलाच लागली. म्हणाली, घरातच इचारा.
रुखमाला विचारलं. मी आसगावला गेलो त्याच दुपारी तिनं पोती शिवायचा दाभण घेतला आणि बॉक्सच्या पडद्यात खुपसत सुटली. हर्षा ‘बस आजी’ म्हणाली तरी थांबली नाही. म्हटलं, तुला हे कसं जमलं? म्हणाली, मले काय येते जी? जन्मभर या डब्ब्यांचा राग होता. दिवाळीले तुमी नाटकात, पोरगी झाली तवा तुमी नाटकात. काढला एकदाचा.
मग चष्मा लावून कव्हर वाचलं. साऊंड : रुखमाबाई. हे दाभणाच्या जोरावर. खाली आभार. पहिलीच ओळ : आबाजींचे, आसगावला गेल्याबद्दल.
सुखराम असं लिहिलेलं नाही, पण आबाजी म्हणजे मीच. गुड्डीला फोन लावून खात्री केली. ती म्हणाली, तुमीच बाबा, दुसरं कोण? आभारात सगळ्यात वर आहे. आसगावला न जाता कोणी असा अल्बम काढून दाखवावा.