शमीमचे बारा दिवस

५ जाने., सोमवार
या हजेरीवहीची मागची पानं कोरीच राह्यली. पुढच्या महिन्यापासून बागेतल्या बायांची हजेरी मोबाइलवर लागणार म्हणते. मंग पानं वाया काऊन जाऊ द्यायची? चौथी शिकलेलं माणूस मी, चुकलं तरी वाचणार मीच.
आज ठेकेदाराचा नवा मॅनेजर आला. झोक्यावर बसून वही चाळली. म्हणे, "आजी, अकरा बायांची हजेरी घेणं, कामं वाटून देणं, सारं तुमीच करता? मंग तुमी तं आमच्या एचआर झाल्या!" म्हटलं, ते काय असते बाप्पा? तं म्हणे, मोठ्या कंपनीत माणसं सांभाळायले एक साहेब असते, तो.
लगेच दुसरबीडले पोरीले फोन. "मी एचआर झाली वं!" तिनं फोन चिमीच्या कानाले लावला. आठ महिन्यांची नात माही, खाली दोन दात, फोनलेच चावली. सारा दिवस हासत होती मी.

६ जाने., मंगळ.
शमीम सोनाळ्याले गेली. पोरीचं बाळंतपण. जाता जाता म्हणे, "कमळाबाई, माहा वाफा धरजा." म्हटलं, जाय निवांत.
ठेक्याच्या कामात रजा नसते. म्हणून आमची बायांची रीत हाय. कोणाचं बाळंतपण निघो, कोणाची मयत, तिचा वाफा बाकीच्या धरतात अन् वहीत ती हजर. वाफा ओला तं बाई हजर. सात वर्षं झाली.
शमीमचा वाफा फाटकाजवळचा, गुलाबाचा. कलमं तिनंच बांधली. मी पाणी घालीन.

८ जाने., गुरु.
घातलं पाणी. गुलाबी गुलाबाले सात कळ्या.
तीन दिवसांची हजेरी भरायची होती, लिहायले बसली तं मॅनेजर पेढे घेऊन बाजूले येऊन बसला. त्याले कोणती तरी परीक्षा पास झाली. म्हणे, "तुमची वही मोठ्या साहेबाले दाखवतो. एवढी चोख वही कुठंच नाई." शमीमच्या नावापुढे पेन थांबला. मंग 'गै' लिहिलं, गैरहजर. तिन्ही रकान्यांत.
मनाले सांगतलं, तो पाहून राह्यला होता, खोटं कसं लिहू. खरं म्हणजे तो मोबाइल पाहत होता. मलेच वाटलं, माही वही मोठ्या साहेबापुढे

पेढा बाकी चांगला होता.

१४ जाने., संक्रांत
चिमीचं बोरन्हाण झालं. फोनवर पाह्यलं. हलव्याचा मुकुट, तोंडात बोर, थुंकते अन् परत तेच उचलते. माय वं! पोरीच्या सासूनं चुरमुरे जरा हात आखडूनच टाकले, पण जाऊ द्या.
चिमी झाली तेव्हा मी मे महिन्यात बारा दिवस दुसरबीडले होती. माहे झेंडू शमीमनं धरले. वहीही तिच्याच हाती देऊन गेली होती. उर्दू शाळेत शिकली ती, आपली अक्षरं वाकडी काढते. आज ती पानं उघडून पाह्यली. माह्या नावापुढे बारा 'ह'. पोट सुटलेले, वाकडे.
आणि इकडे मी आजपर्यंत नऊ 'गै' लिहिले. उद्या खोडीन म्हटलं. खोडलं तं वही घाण दिसते.

१८ जाने., रवि.
शमीम आली. नातू झाला! डब्यात डिंकाचे लाडू. "कमळाबाई, आता तुमी अन् मी सारख्या आजी!" पहिला लाडू मलेच देल्ला. खाल्ला मी. वाफ्याजवळ बसून तिनं एकेक कळी मोजली. "लेकरावानी ठेवला तुमी," म्हणे.
तेव्हा सांगायचं होतं. बागेत गर्दी लय होती, एक पोरगं घसरगुंडीवर अडकलं, मंग त्याले काढण्यात गेला वेळ. खोटं कशाले बोलू. वेळ होता.

३१ जाने., शनि.
मॅनेजर म्हणे, उद्यापासून अकराच्या दहा बाया. जिचे खाडे जास्त, ती कमी. "मले कोणाले विचारावंच नाई लागलं, आजी. तुमच्या वहीवरून सरळ निघालं."
बाकीच्यांचे एक-दोन खाडे. शमीमचे बारा.

१ फेब्रु., रवि.
सकाळी मोबाइल माह्याच हाती देल्ला. बायांनी एकेक करून समोर यायचं, डोळे मिचकायचे, हिरवी खूण येते. शमीमपुढे धरला तं लाल फुली. तिनं तीनदा डोळे मिचकले. म्हणे, "पदर घेतला म्हणून होते का?" पदर मागे सारून परत उभी राह्यली.
मंग सांगाच लागलं, 'गै' मीच लिहिले, म्हणून तुहं नाव कमी झालं. बाकीच्या बाया माह्याकडे पाहून राह्यल्या.
"माह्या वाफ्याले पाणी कोणी घातलं, कमळाबाई?"
"मी."
"रोज?"
"रोज."
"मंग मी हजर होती ना."
जातांना खुरपं माह्या हातात देऊन गेली. तिचं सोताचं. म्हणे, गुलाबाले हेच लागते, दुसरं मुळं तोडते.

२ फेब्रु., सोम.
पोरगी म्हणे, "आई, चूप राह्य. त्याले सांगशीन तं तुहंही काम जाईन." चिमीले फोनसमोर धरलं तिनं. चिमी टाळ्या वाजवायले शिकली. मीच फोन बाजूले केला. चिमीचं तोंड पाह्यलं की मले ते बारा 'ह' दिसते.
खुरपं धुऊन ठेवलं.

३ फेब्रु., मंगळ.
गेली मॅनेजरकडे. म्हटलं, शमीमचे खाडे माह्या चुकीनं पडले.
"ती बारा दिवस होती का इथं?"
"नाई."
"मंग चूक कशी, आजी?"
तोंडातून निघून गेलं, आमची रीत हाय बाप्पा, वाफा धरायची. तो खुर्चीत सरळ बसला. "रीत? म्हणजे साऱ्या बायांची हजेरी खोटी हाय?"
अकराही बाया डोळ्यांपुढे आल्या. म्हटलं, "साऱ्यांची नाई. माही खोटी हाय. मे महिन्यातले बारा दिवस मी इथं नव्हती, तरी हजर लिहून हाय. शमीमचे खाडे लागतात तं माहेही लावा. तिले ठेवा."
तो म्हणे, "उद्या वही घेऊन मोठ्या साहेबाकडे या." एचआर नाई म्हटलं आज. बरं झालं.

४ फेब्रु., बुध.
हापिसाबाहेर बाकावर बसली हाय. साहेब मिटिंगमध्ये. दुसरी एक बाई बसली हाय, तिचं लेकरू माही पिशवी ओढते, चिमीएवढंच असन.
वही मांडीवर. मागच्या पानांत मी साऱ्यांचीच रीत लिहून बसली, आताच ध्यानात आलं. साहेबानं वाचलं तं साऱ्याच जातीन. शिवण उसवून ठेवली, हे लिहून झालं की ही पानं पिशवीत टाकते, चिमीसाठी घेतलेल्या झबल्याखाली. पुढची पानं राह्यतीन. त्यांत साहेबाले माहं एकटीचंच खोटं दिसन.
शमीमले सांगतलं नाई मी इथं आली म्हणून. काय व्हते काय माईत. सकाळी तिच्या वाफ्याले पाणी घालूनच निघाली, तिच्याच खुरप्यानं आळी केली.
मे महिन्याच्या पानात बोट घालून ठेवलं हाय, म्हणजे शोधाशोध नको.
शिपाई दारात आला. म्हणे, कमळाबाई कोण?