अवकाश आहे

११ फेब्रुवारी

संपलं! या वर्षी एमसेट नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणे.

आज कॉलेजात पालकांना बोलावलं होतं. मी प्रॅक्टिकलला अडकलेली, म्हणून बाबा एकटेच बॉटनीच्या सरांना भेटले. सर तेलुगूच बोलतात आणि बाबांचं तेलुगू वांगी-टमाट्यांच्या भावापुरतं. पण घरी आले ते मोठ्या समाधानानं — "सर म्हणे अवकाश हाय. काऊन घाई करून राह्यली तू?"

नक्की हेच म्हणाले? "हेच ना वं! दोन डाव म्हणले. अवकाश हाय, अवकाश हाय."

म्हणजे माझी तयारी नाही, असं सरांचं मत. वर्गात 'गुड, गुड' करणारे हेच सर! शेतीची बीएस्सी करायची आहे, त्यासाठी याच वर्षी एमसेटची प्रवेश परीक्षा द्यायची आहे, हे मी आधी त्यांनाच सांगितलं होतं. तोंडावर 'जमणार नाही' म्हणायला काय झालं होतं?

१४ फेब्रुवारी

आईला आयतंच सापडलं. "अवकाश हाय त वांगे तोडाले चाल." बोटांत काटे घेऊन लिहितेय.

१९ फेब्रुवारी

वर्गातल्या मैत्रीनं फॉर्म भरला. प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड माझ्याच वहीवरून उतरवते आणि परीक्षेला बसणार ती! वर मलाच म्हणते, "तू बी भर ना, भरून ठेवाले काय जाते?" बाबांचा होकार लागतो, बाई. त्यांना विचारलं तर म्हणाले, "सराहीपेक्षा तुले जास्त समजते का?" संपला विषय.

पुढचं वर्ष म्हणे! इंद्रवेल्लीच्या आत्यानं आत्ताच दोन स्थळं सांगून ठेवलीत. बारावी झालेली पोरगी वर्षभर घरी बसलेली दिसली की आत्याला कोण आवरणार? पुढच्या वर्षी मी परीक्षेला नाही, बोहल्यावर बसलेली असेन. हे कुणाला कसं दिसत नाही?

२४ फेब्रुवारी

सर व्हरांड्यात भेटले. हसून विचारतात, तयारी कशी चाललीय! जखमेवर मीठ चोळायची हौस दांडगी. मी उत्तर न देता सरळ पुढे गेले. उद्धट म्हणाले असतील. म्हणू देत.

८ मार्च

झूऑलॉजीचा पेपर चांगला गेला. काय उपयोग!

२७ मार्च

एमसेटची पुस्तकं माळ्यावर फेकली. बाबा खालून म्हणाले, "फेकू नको वं, पुढच्या साली लागतीन." त्यांना खरंच वाटतंय की ते माझ्या भल्याचंच करताहेत. मला त्याचाच जास्त राग येतो — धड भांडताही येत नाही!

५ एप्रिल

घाईत लिहितेय, अक्षर घाण येणार.

गुडीहत्नूरच्या बाजारात बाबांबरोबर वांगी विकायला बसले होते. साड्यांच्या सेलचा ऑटो भोंगा लावून फिरत होता, तेलुगूत ओरडत — "इदे चिवरि अवकाशम! चिवरि अवकाशम!" बाबा म्हणाले, "पाह्य, हा बी म्हणून राह्यला, अवकाश हाय. तुह्या आईले घेऊ सावकाश."

माझ्या हातातलं वजन हातातच राहिलं. चिवरि अवकाशम म्हणजे शेवटची संधी. अवकाशम — संधी! आठवीत तेलुगूच्या पेपरात मी या शब्दाचा वाक्यात उपयोग केला होता. सर बाबांना सांगत होते, पोरीला संधी आहे. दोनदा सांगत होते! आणि मी इकडे त्यांना शिव्या घालत वांगी तोडतेय. बाबा तेलुगू शब्द मराठी समजून घरी घेऊन आले आणि मी तो तसाच गिळला.

बाबांना सांगितलं. आधी हसले. मग हसायचे थांबले. गिऱ्हाईक भाव विचारत होतं, त्याच्याकडे बघेचनात.

"फॉर्मची तारीख गेली का वं?"

गेली होती. दंड भरून घेतात का, ते मैत्रीला विचारलं. घेतात म्हणे, पण थोडेच दिवस.

६ एप्रिल

फॉर्म भरून देणाऱ्या मीसेवा केंद्राचं शटर उघडायच्या आधीच बाबा पायरीवर जाऊन बसले होते. फॉर्म गेला. घरी आल्यावर माळ्यावरची पुस्तकं त्यांनीच काढली, धोतरानं पुसली.

परीक्षेला आता अवकाश नाही. अवकाशम आहे.