चौथं कडवं आणि चौथा माणूस

बाळकुम, ठाणे
रविवार, सकाळ

प्रिय धाकू यास,

नऊ वर्षांचे मिळून एकदम नमस्कार. दगडू शिपाई शाळेच्या पडवीत टांगलेला रुळाचा तुकडा बडवायचा, तो आवाज तुला आठवतो का? ठण्ण झाल्यावर तो बराच वेळ हवेत तरंगत राहायचा आणि आपण उभे राहून, हात जोडून कविता म्हणायचो. तुझी तब्येत, गोदावहिनींचे गुडघे आणि डोंबिवलीचं पाणी, सगळं ठीक असावं. मी बरा आहे. मी परत शाळेत जातो.

हसू नकोस. बहात्तराव्या वर्षी मी बौद्ध अध्ययनाच्या एम.ए.ला नाव घातलंय. (वागळे इस्टेटमध्ये छत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, त्यापेक्षा हे अवघड आहे.) पाली ग्रंथ, ध्यान आणि लोकांची सेवा, तिन्हींत पास व्हावं लागतं. पाली वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. हत्थ म्हणजे हात, कण्ण म्हणजे कान. इतक्या जुन्या काळची माणसं एकदम आपल्याच आळीतली वाटायला लागतात आणि मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसतो. (म्हणून चाचणीत पंधरापैकी सहा.)

फजिती झाली ती ध्यानाच्या पहिल्याच तासाला. वीस माणसं डोळे मिटून बसलेली. आमच्या दीप्ती मॅडमनी (वय माझ्या नातीएवढं, पण समोर बसल्या की आपोआप पाठ सरळ होते) पितळी वाडग्यावर दांडी मारली. ठण्ण. मी उठून उभा राहिलो, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गुरुजींची होडीची कविता सुरू केली. साठ वर्षांपूर्वीची सवय, पायांनी मला विचारलंच नाही. ती कविता गुरुजींनी स्वतः रचून फळ्यावर लिहून दिलेली, कुठे छापली नाही की कुठल्या फोनात सापडत नाही. तिसऱ्या कडव्यात आई कंदील घेऊन खाडीकाठी उभी आहे, भरती फिरलीय, होडी दिसत नाही. तिथे मी अडलो. कोणी हसलं नाही रे. मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, पुढे?" मी म्हटलं, "पुढचं डोंबिवलीला आहे."

शाळेतही मी तिथेच अडायचो आणि मागच्या बाकावरून तू चौथं कडवं कुजबुजायचास. नऊ वर्षांपूर्वी कल्याणला शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात मात्र मी अडायच्या आधीच कुजबुजलास, तेही माइकजवळ. "तुला कोणी विचारलं?" असं मी सगळ्यांदेखत बोललो. तू पुरीचं ताट तसंच ठेवून निघून गेलास. त्यानंतर ध्यानाच्या त्या तासापर्यंत मी ती कविता कधी काढली नव्हती.

आता मैत्री भावना नावाच्या ध्यानाचं सांगतो. डोळे मिटून आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग प्रिय माणसाचं, मग ज्याच्याशी आपलं काहीच देणंघेणं नाही अशा माणसाचं आणि चौथा, ज्याच्याशी बिनसलंय त्याचं. तिसरी म्हणून मी समोरच्या ब्लॉकमधल्या विमलाबाई घेतल्या. आठवडाभर रोज त्यांचं भलं चिंतलं, तर आठव्या दिवशी त्यांचा खोकला ऐकून मलाच चैन पडेना, काढा नेऊन दिला. झालं, त्या बाद. मग इस्त्रीवाली सगुणा घेतली, तीही तशीच आपली झाली. आज आमच्या बिल्डिंगमध्ये परका माणूस शिल्लक नाही. डोळे मिटून नुसतं बसल्याने असं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

चौथ्यापाशी मात्र गाडी अडली. ध्यानाच्या वहीत त्याचं नाव लिहायचं होतं. मी स्टोअरच्या सवयीने तुझा पूर्ण पत्ता, पिनकोड आणि फोन नंबरही लिहिला. मॅडमनी विचारलं, "हे कोण तुमचे?" मी म्हणालो, "जवळचे." खोटं बोललो असं तेव्हा वाटलं होतं. हल्ली वाटत नाही.

गेले पंधरा दिवस मी चिकनगुनियाने पडून आहे. फोन बादलीत पडून मेलाय, म्हणून हे पत्र.

मेळाव्यात चुकलो तो मीच.

तुझा बाकावरचा शेजारी,
काशिनाथ

ता. क. : खरं काम राहिलंच. सेवेसाठी मी शीळफाट्याजवळच्या वृद्धाश्रमात जातो. तिथे गंगुबाई आहेत, जन्म मिठागरात गेला, आता डोळ्यांनी दिसत नाही. त्यांना होडीची कविता तिसऱ्या कडव्यापर्यंत म्हणून दाखवली. तेव्हापासून दर वेळी हात धरून विचारतात, "होरी आली का रं?" मी म्हणतो, पुढच्या रविवारी येईल. महिना झाला, त्या उठून बसत नाहीत; माझे 'पुढचे रविवार' संपत आलेत. चौथं कडवं लिहून पाठव. माफ नंतर केलंस तरी चालेल.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात गोदावहिनी, धापा टाकत. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही जिवंत आहात ना? कॉलेजातून ह्यांना फोन आलेला, तुमचं जवळचं माणूस पंधरा दिवस आलं नाही म्हणून. रात्रभर झोपले नाहीत. आता खाली रिक्षात बसलेत. म्हणतात, त्याने हाक मारली तरच वर येईन."

मी हाक मारणार नाही. खिडकीत जाऊन मोठ्याने तिसरं कडवं म्हणतो. अडलो की तुला राहवायचं नाही.