आपला आवाज सुरक्षित आहे

५ ऑगस्ट
पोचले एकदाची! बारांकियाहून सकाळची बस, मग नावेतून मागदालेना नदी ओलांडून हे पुएर्तो सेइबा. नावाडी डॉन लिसिमाको सत्तरीच्या पुढचा आहे, पण तोंड विशीतलं. माझी जड पेटी नावेत चढवताना म्हणाला, "पोरी, यात नवरा कोंबून आणलास की काय?" आत आवाज टिपायचं यंत्र आहे म्हटल्यावर त्याने वल्हं बाजूला ठेवून पेटीकडे तोंड केलं आणि एक चावट गाणं म्हटलं. नाव वाहत दुसरीकडेच निघाली, तेव्हा गाणं थांबलं.

राहायची सोय डोन्या ऑब्दूलियाकडे केली आहे. विधवा बाई, धिप्पाड, आणि आवाज असा की तिने मला जेवायला हाक मारली तर शेजारचा माणूसही हात धुऊन येतो. रात्री उकडलेला युकाचा कंद, तळलेला मासा आणि आंबटसर साय. शहरात माझ्या वाट्याला असं ताट आलं नव्हतं. मी जाम खूश आहे.

८ ऑगस्ट
कंपनीची शाखा म्हणजे बाजारातली एक खोली. साहेब, कारकून आणि झाडूवाली, सगळं मीच. काम मात्र पुण्याईचं आहे. इथल्या म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतन हवं असेल तर आपण जिवंत आहोत हे दर तीन महिन्यांनी पलीकडच्या गावी जाऊन दाखवावं लागतं. उन्हात रांग लावून. आता एकदा आवाज दिला की झालं. पुढे झोपाळ्यात पडल्या पडल्या फोन करायचा, "मी अमुक तमुक, मी जिवंत आहे" एवढं म्हणायचं. यंत्र आवाज जुळवून बघतं.

प्रशिक्षणात आमच्याकडून तीन शब्द घोकून घेतले होते: टिपणं, घडवणं, जपणं. आधी माणसाला बोलतं करून आवाज टिपायचा. मग त्यातला कोंबडा, पंखा, खोकला काढून टाकायचा आणि शब्द सुटे करून यंत्राला ओळख पटवायची. शेवटी कुलूप. एकदा कुलूप लागलं की मलासुद्धा त्याला हात लावता येत नाही. आवाज काढून टाकायचा तर ज्याचा त्यानेच फोनवर, स्वतःच्या आवाजात तसं सांगावं लागतं. दारावरच्या पाटीवर लिहिलंय, "आपला आवाज सुरक्षित आहे." ती पाटी मी रोज पुसते.

पहिला आवाज डॉन लिसिमाकोने दिला. तेच चावट गाणं.

१४ ऑगस्ट
डोन्या ऑब्दूलिया या गावात मेलेल्यांची प्रार्थना सांगते. कुणी गेलं की नऊ दिवस घरात मांडणी असते, फुलं, मेणबत्त्या, आणि मेलेल्याला तहान लागते म्हणून पाण्याचा पेला. नवव्या संध्याकाळी मांडणी उतरवतात. तेव्हा ती त्याला नावाने तीन हाका मारून निरोप देते. तोवर बिचाऱ्याला आपण मेलो हेच कळलेलं नसतं, घरातच घुटमळत असतो, असं ती सांगते. हे सगळं ती वाल सोलता सोलता, भाजीचा भाव सांगावा तशी सांगत होती.

मी तिचा आवाज मागितला. तिचे हात थांबले. म्हणाली, "साऱ्या गावाकडे माग, माझ्याकडे मागू नकोस. माझा आवाज जाणाऱ्यांच्या कामाचा आहे. तो तू तिकडे बांधून ठेवलास तर इथून हाक कोण मारणार?" मग माझं तोंड पडलेलं बघून हसली आणि ताटात आणखी एक मासा वाढला.

२२ ऑगस्ट
सगळीकडे एकच उत्तर मिळतंय: ऑब्दूलियाने दिला की आम्ही देऊ. आज मुख्य कचेरीतून आर्हेमिरो साहेबांचा फोन आला. शाखा अशीच राहिली तर ते ती बंद करणार, आणि मी घरी. मी म्हाताऱ्या बाईचं कारण सांगितलं. ते म्हणाले, "बोलते ना ती घरात? मग टिप की. परवानगी काय, घडवता येते."

मी “बघते” म्हणून फोन ठेवला. नाही म्हणायला हवं होतं.

२४ ऑगस्ट
केलं.

यंत्र स्वयंपाकघरातल्या बाकाखाली फडक्याने झाकून ठेवलं होतं. ती सकाळभर बोलत होती. कोंबडीला शिव्या दिल्या, नवऱ्याच्या आठवणी सांगितल्या, निरोपाची प्रार्थना गुणगुणली, “यादिरा, यादिरा” करत मला जेवायला हाका मारल्या. दुपारी शाखेत बसून मी तिची परवानगी घडवली. "माझ्या" नवऱ्याच्या गोष्टीतून घेतलं. "मर्जीने" प्रार्थनेतून, तिथे ते देवाच्या मर्जीबद्दल होतं. "देते" कोंबडीला दाणे टाकतानाचं. जोडून ऐकलं: मी माझ्या मर्जीने माझा आवाज देते. सांधा कुठेच जाणवत नव्हता. कुलूप लागलं.

लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाच स्वतःच्या हातचलाखीचं कौतुकही वाटलं. खोटं कशाला लिहू?

बाजारात सांगून टाकलं, डोन्याने दिला. उद्या रांग लागेल.

२ सप्टेंबर
डोन्याचा घसा बसलाय. मध, लिंबू, गरम पाणी, सगळं झालं. जेवायला बोलवायला आता खोलीपर्यंत येते आणि दारावर टिचकी मारते.

९ सप्टेंबर
आवाज पूर्ण गेला. डॉक्टरने बॅटरी लावून घसा पाहिला, काही दोष नाही म्हणाला. मी औषधांसाठी धावपळ करते म्हणून तिने माझ्या गालावरून हात फिरवला. मला तो हात झटकून पळून जावंसं वाटलं.

योगायोग असेल. असेलच.

११ सप्टेंबर
डॉन लिसिमाको गेला. नदीच्या मधोमध, वल्हं हातात असताना. लोकांनी नाव ओढून आणली. त्याची मुलगी नोहेमी डोन्याच्या गळ्यात पडून म्हणत होती, बाबांना नीट मार्गी लावा हो. डोन्याने मान हलवली. ती तरी दुसरं काय करणार?

२० सप्टेंबर
आज नववी संध्याकाळ. रोजची जपमाळ दुसऱ्या बायांनी चालवली होती, पण हाक ऑब्दूलियाचीच. ती मांडणीसमोर उभी राहिली. तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आवाज नाही. तीन वेळा. शेवटी लोकांनी तशीच फुलं उचलली. नोहेमी मला म्हणाली, "बाबा आता कुणाच्या सांगण्याने जातील?"

मला सगळं ठाऊक होतं. मी नोहेमीला पाणी दिलं.

२१ सप्टेंबर
साहेबांना सगळं सांगितलं, डोन्याचा आवाज काढून टाका म्हणून रडले. म्हणाले, आवाजाच्या मालकिणीला फोनवर बोलू दे. मालकिणीला आवाजच नाही म्हटलं तर त्यांनी हात वर केले.

मग डोन्याला सांगितलं. चुलीसमोर. तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता पातेलं घासत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पण तेवढंही मी तिच्याकडे ठेवलेलं नाही.

फोन तिच्या तोंडाशी धरला. यंत्र म्हणे, आवाज ऐकू आला नाही. पुन्हा. पुन्हा. सुटे शब्द जोडून नवं वाक्य घडवलं, तर यंत्र दर खेपेला भलताच शब्द म्हणायला सांगतं. जपण्यात आम्ही पक्के.

२४ सप्टेंबर
भर दुपारी शाखेचा फोन वाजला. "मी लिसिमाको आर्रोयो, मी जिवंत आहे."

हिरवा दिवा लागला. आवाज जुळला.

मग तो म्हणाला, घरात कुणी माझ्याशी बोलत का नाही गं? रुसलेत का माझ्यावर?

मी फोन ठेवला.

२६ सप्टेंबर
नोहेमी घर सोडून मावशीकडे गेली. बाबांची खुर्ची ओली असते म्हणाली. पुसली तरी ओली. नदीच्या पाण्याचा वास.

त्याचा फोन रोज येतो. रागावत नाही, हेच सोसवत नाही. आज म्हणाला, तुझ्याकडे ती पेटी आहे ना, बघ तरी पोरी, मी कुठे आहे ते.

२८ सप्टेंबर
डोन्याचं मूळ टिपण अजून पेटीत आहे. त्यात प्रार्थना आहे. लिसिमाकोचं नाव तुकडे जोडून घडवलं. तीनदा ऐकून पाहिलं, अगदी डोन्याच म्हणते आहे असं. तिला ऐकवलं तर ती दोन्ही हात हलवून नको नको करत राहिली. मला वाटलं, अजून राग आहे.

संध्याकाळी त्याच्या रिकाम्या घरात मांडणी केली. पाण्याचा पेला ठेवला. यंत्र लावलं.

प्रार्थना नीट झाली. मग हाक.

"यादिरा, ऊठ."

"यादिरा, इथे तुझं काही उरलं नाही."

मी वायर उपटली. घरी येऊन तपासलं. लिसिमाको असंच आहे. पुन्हा लावलं, लिसिमाको. पण टिपलं त्या दिवशी तिने खरोखर मारलेल्या हाका एकाच नावाच्या होत्या. माझ्या.

२९ सप्टेंबर
लिसिमाकोचा फोन. म्हणाला, हाक ऐकली. माझी नव्हती.

दोन झाल्या. तिसरी राहिली.

३० सप्टेंबर
पाववालीने माझ्या मागच्या बाईला आधी दिलं. मग तिच्या मागच्या. मी बोलत होते — मोठ्याने —

कंपनीला माझाही आवाज दिलेला आहे. फोन लावला. मी यादिरा मोंतेरोसा, मी जिवंत आहे. जुळत नाही. पुन्हा म्हटलं. जुळत नाही. पुन्हा —

१ ऑक्टोबर
दुपार. डोन्या समोर बसली आहे. एकटीच मला बघू शकते. हात धरलाय माझा, पण धरल्याचं कळत नाही —

यंत्र बंद आहे. वायर माझ्या मांडीवर. तरी बाकाखाली कुणीतरी घसा साफ करतंय. तिचा घसा —

तिसरी हाक झाली की मी जाणार. मग आवाज सुटेल? परत येईल तिच्याकडे? येत असेल तर — मीच चोरला, मीच —

तिच्या गळ्यातून काहीतरी फुटतंय. खरखर. पहिल्यांदाच. रडते आहे. ओठ हलताहेत — नको म्हणतेय, की माझं ना