चढावरचा दुसरा गिअर

पिंपळगाव रेणुकाई
दि. १० नोव्हेंबर १९९३

चि. राधाकिसन यास आजी द्वारकाबाईचे पोटभर आशीर्वाद.

जालन्याच्या अण्णासाहेबांनी तुला ड्रायव्हर म्हणून ठेवलं, पण महिनाभर बघून मंगच पक्कं करतील, हे तुझ्या आईनं, उषानं, तुझ्या पत्रातून वाचून दाखवलं. माझं हे पत्रही उषाच लिहून राह्यली, अन् मी बोलते त्यातलं अर्धं गाळते असा मला संशय आहे.

एक सांगते. दसऱ्याला तू कडूबामामाची जीप आणली, ती वेशीपासून देवळापर्यंत बोंबलत आल्ती. चाळीस वर्षं मी गाडीबैल हाकले. जनावर उगं ओरडत न्हाई, दुखतं म्हणून ओरडतं. ही तर परक्याची गाडी. तिचा आवाज चढू देऊ नको, गुमान चालव.

इथं सगळे खुशाल. तूर फुलावर आहे. जेवण वेळेवर कर अन् माया आहे तशी ठेव.

आजीचा अंगठा


जालना
दि. २६ नोव्हेंबर १९९३

ती. आजीस राधाकिसनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं अन् गोत्यात आलो. गाडी जरा चालायला लागली की मी लगेच टॉप गिअर टाकायचो. आवाज बिलकुल न्हाई, पण गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरायची. परवा अण्णासाहेबांच्या आईला, दुर्गाबाईंना, राजूरच्या गणपतीला घेऊन गेल्तो. चढावर गाडी धक्के खात तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा दुर्गाबाई खाली उतरल्या अन् चालत वर निघाल्या. अण्णासाहेब म्हणाले, पाच तारखेच्या रविवारी मी शेजारी बसून बघतो. चढ जमला तर राहा, न्हाई तर दुसरं काम बघ.

गाडी दुरुस्त करणारे कारभारी मिस्तरी सांगतात की वेग कमी अन् गिअर मोठा असला की इंजिनाचा दम कोंडतो. चढावर दुसरा गिअर टाकून त्याला जोरात फिरू द्यावं. पण तसं केलं की गाडी ओरडते, अन् मला समोर तू दिसतेस. पाय आपोआप वर येतो. कुणाचं ऐकू ते जल्दी कळव. आईला नमस्कार. तुझा हात डोक्यावर असू दे.

राधाकिसन


पिंपळगाव रेणुकाई
दि. ३० नोव्हेंबर १९९३

श्री. अण्णासाहेब यांस द्वारकाबाईचा रामराम.

आपली ओळख न्हाई, तरी लिहवून घेऊन राह्यले. तुमची गाडी चढावर बंद पडली ती माझ्यामुळं. आवाज करू नको असं नातवाला मीच बजावलं होतं. मोटारीत मी कधी बसले तर मागं, तेही डोळे मिटून.

मिस्तरींचं म्हणणं उषानं वाचलं तवा चूक ध्यानात आली. भरल्या गाडीचा बैल चढाला लागला की पावलं बारीक टाकतो, पण जल्दी जल्दी. त्याला लांब ढांगा टाकायला लावलं तर तो गुडघ्यावर बसतो. हे बराबर ठाऊक असून मोटारीला मी उलटं शिकवलं. म्हातारपणी अक्कल असते, पण हाताशी नसते.

पोरगा माझं ऐकतो, एवढाच त्याचा दोष. रविवारी पायथ्याशी त्याला इतकंच सांगा, की आजीनं ओरडू द्यायला सांगितलंय. तरी गाडी थांबली तर खुशाल घरी धाडा. त्याला रागवायला मी बसलेलीच आहे. दुर्गाबाईंचे गुडघे कसे आहेत ते कळवावं. चुकलंमाकलं पोटात घालावं.

द्वारकाबाईचा अंगठा


जालना
दि. ६ डिसेंबर १९९३

श्रीमती द्वारकाबाई यांस सा. न. वि. वि.

काल आपला निरोप पायथ्याशी राधाकिसनला सांगितला. त्याने दुसरा गिअर टाकला. गाडी चांगलीच ओरडली, पण त्याचा पाय हलला नाही. आम्ही थेट देवळापाशी थांबलो. मागे आईला झोप लागली होती, तिला हलवून उठवावं लागलं. तिचे गुडघे ठीक आहेत, जीभ त्याहून ठीक आहे. आज सकाळी राधाकिसनला पक्कं केलं.

आता एक गोष्ट फक्त आपल्याला सांगतो. डोळ्यांना कमी दिसू लागलं म्हणून मी ड्रायव्हर ठेवला. त्याआधी सात वर्षं ही गाडी मीच चालवत होतो, हळू, टॉप गिअरमध्ये, आवाज न करता. चढाला ती दम सोडायची म्हणून मी पायथ्याशीच लावायचो आणि आईला सांगायचो की गणपतीला पायी चढलं तरच पुण्य लागतं. कारभारी मिस्तरी परवा समजावत होते राधाकिसनला, पण बघत होते माझ्याकडे.

हे त्याला कळू नये. पत्र वाचून दाखवणाऱ्या उषाबाईंनाही तीच विनंती. आणि कधी आमच्या आईची भेट झालीच, तर आपण पुण्याचा विषय काढू नये. घरचा समजून लोभ राहू द्यावा.

आपला,
अण्णासाहेब